शून्य अवशेष

सचिवसाहेबांच्या हातात दिलेल्या खुरप्याला लाल फीत बांधली होती. ती आधी सोडायची की तशीच ठेवायची यावर थोडी कुजबुज झाली. शेवटी साहेबांनी फितीसकटच खणायला घेतलं.

"सर, जरा इकडे बघून खणा," फोटोग्राफर म्हणाला.

साहेब त्याच्याकडे बघून खणू लागले. झेंडूचं एक रोप मुळासकट वर आलं. ते कुणीतरी तत्परतेने उचलून नेलं. खाली लाल, भुसभुशीत, देखणी माती होती, आणि मातीखेरीज काहीच नव्हतं.

"अजून जरा खाली," आमचे संचालक डॉ. भोसेकर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "किती खाली, गवस?"

"वीतभर, सर."

साहेब वीतभर खाली गेले. मग हातभर गेले. त्यांच्या कपाळावर घाम आला. खुरपं मुरमावर खणकन वाजलं तेव्हा ते थांबले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि भोसेकरांकडे बघू लागले. मांडवात बसलेले शे-दीडशे लोकही भोसेकरांकडे बघू लागले.

माझे मार्गदर्शक डॉ. रिसबूड माझ्या शेजारी उभे होते. "संज्योत," ते ओठ न हलवता म्हणाले, "माल कुठे आहे?"

मला माहीत नव्हतं. त्या वाफ्यात डझनभर चकत्या असायला हव्या होत्या. मी स्वतः, माझ्या हातांनी, मच्छरदाणीच्या कापडाच्या पिशव्या शिवून त्यांत घालून त्या पुरल्या होत्या.

पुढच्याच क्षणी भोसेकरांनी जे केलं त्याला मी आजही दाद देते. ते हळूच पुढे झाले, खड्ड्यात वाकून पाहिलं आणि उठताना त्यांचा आवाज भरून आला होता.

"सर, आपण आत्ता काय पाहिलंत याची कल्पना आहे आपल्याला?"

"काहीच नाही दिसलं," सचिवसाहेब म्हणाले.

"तेच, सर! काहीच नाही! मातीतून आलेलं मातीत गेलं. शंभर टक्के विघटन! शून्य अवशेष!"

आधी एक टाळी वाजली, मग सगळा मांडव वाजू लागला. सचिवसाहेबांनी पुन्हा खड्ड्यात पाहिलं. आता त्यांच्या चेहऱ्यावर आदर होता. फोटोग्राफरने रिकाम्या खड्ड्याचे चार फोटो काढले, दोन आडवे आणि दोन उभे.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. गाव दोडामार्गकडचं. तिकडे केरळातून आलेल्या लोकांनी डोंगरउतारावर रबराची झाडं लावली, आणि त्यांचं पाहून माझ्या बाबांनीही काजू तोडून रबर लावलं. सालीवर तिरका काप द्यायचा, खाली करवंटी बांधायची, पहाटेपासून पांढरा चीक ठिबकत राहतो. पुढे मी रसायनशास्त्र शिकले आणि पुण्याजवळच्या या संस्थेत रिसबूड सरांच्या हाताखाली संशोधनाला लागले. योगायोग असा की सर एकोणीस वर्षं त्याच चिकाच्या मागे होते.

आपल्या बुटांचे तळ, गाद्यांचा फोम, गाड्यांच्या सीटा, हे सगळं पॉलियुरेथेन. ते खनिज तेलापासून होतं आणि फेकलं की पिढ्यान्‌पिढ्या कुजत नाही. सरांचं म्हणणं असं की हेच रबराच्या चिकापासून करता येईल. रबराचा रेणू म्हणजे लांबच लांब साखळी. ती तोडून आखूड तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना एकेक आकडा बसवायचा, आणि मग हे तुकडे आकड्याला आकडा अडकवून पुन्हा जोडायचे. जोडताना मधेमधे एक असा घटक घालायचा की जो मातीतल्या जिवाणूंना खाता येईल. वापरताना वस्तू टिकली पाहिजे, आणि मातीत गेल्यावर हळूहळू खाल्ली गेली पाहिजे. हळूहळू हा यातला कळीचा शब्द. तीन-चार महिन्यांत पाचवा हिस्सा गेला तरी आम्ही पेढे वाटले असते.

या मालाच्या चकत्या खरं तर प्रयोगशाळेमागच्या पडीक जागेत पुरायच्या होत्या. भोसेकर म्हणाले, "मागे कशाला? संशोधन दर्शनी भागात हवं." म्हणून कार्यक्रमाच्या तीन-चार महिने आधी त्या मुख्य इमारतीसमोरच्या वाफ्यात पुरल्या आणि तिथे पाटी लावली: 'संशोधन चालू आहे. कृपया खणू नये.' कार्यक्रमाच्या आधीचे आठ-दहा दिवस मी गावी होते, चुलतबहिणीच्या लग्नाला. परत आले ती थेट मांडवातच.

पाहुणे जेवायला गेल्यावर मी माळ्याला गाठलं. लिंबाजी नळी गुंडाळत होता.

"लिंबाजी, या वाफ्याची माती बदलली का हो?"

"बदलली की. पाव्हणं येणार म्हणून समदा वाफा उपसला. जुनी काळी माती फोटोत बरी दिसत न्हाई म्हणलं. लाल माती आणली ट्रकभर."

"कोण म्हणालं?"

"हापिसातनं निरोप आला."

"अहो, पण इथे पाटी होती ना? खणू नये म्हणून?"

"व्हती की!" लिंबाजी जरा दुखावलाच. "म्हणून तर आधी पाटी काढली, मग खणलं. पाटी असताना कसं खणायचं?"

मी जुनी माती कुठे गेली ते विचारलं. ती संचालकांच्या बंगल्यावर गेली होती. बाईसाहेबांच्या वांग्यांना.

भोसेकरांच्या पत्नी सुनेत्राबाई फार मोकळ्या स्वभावाच्या. त्यांनी मला आधी ताक दिलं आणि मग विचारलं की काय काम काढलंस.

"बाई, संस्थेतून माती आली त्यात काही गोल चकत्या सापडल्या का? मधाच्या रंगाच्या, जाळीच्या पिशवीत?"

"त्या होय! अगं, बऱ्याच निघाल्या. मला वाटलं कुंड्यांखाली ठेवायला मुद्दाम पाठवल्यात. ये, दाखवते."

अंगणात तुळस, मोगरा, शेवंती, कोरफड अशा कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीखाली आमचं एकोणीस वर्षांचं संशोधन होतं.

"छान आहेत गं," सुनेत्राबाई म्हणाल्या. "फरशीला ओरखडे पडत नाहीत. आणि त्या पिशव्यांत मी लसूण टांगलाय. पिशव्याही हव्यात का?"

मी पिशव्या त्यांना ठेवू दिल्या.

चकत्या धुतल्या, वाळवल्या, वजन केलं. सरांनी काट्यावरची धूळ फुंकून पुन्हा वजन करायला लावलं. मग स्वतः केलं. मग एक चकती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि बराच वेळ डोळा वर घेतला नाही. कडा उंदराने कुरतडाव्यात तशा झाल्या होत्या, पृष्ठभागावर बारीक खळगे पडले होते, आणि वजनाचा जवळजवळ बरोबर पाचवा हिस्सा गेला होता.

"संज्योत," सर म्हणाले, "खाल्लंय गं. खरंच खाल्लंय त्यांनी."

सर तसे कोरडे. कुणाच्या लग्नातही हसत नसत. त्या दिवशी त्यांनी कँटीनमधून दोन स्पेशल चहा मागवले, बशीत ओतून फुर्र करत प्यायले, आणि म्हणाले, "चल, भोसेकरांना सांगू. गोंधळ झाला तो झाला, पण निकाल उत्तम आहे. माणूस खूश होईल."

भोसेकर खूश नाही झाले. त्यांच्या टेबलावर त्या दिवशीची वर्तमानपत्रं पसरलेली होती. पहिल्या पानावर रिकामा खड्डा, त्याभोवती सचिवसाहेब, भोसेकर, आणि कडेला अर्धी मी.

"वीस टक्के?" ते म्हणाले. "रिसबूड, काल शंभर होते. एका रात्रीत ऐंशी टक्के कुठे घालवलेत?"

"शंभर कधीच नव्हते. माती बदलली गेली होती. या पाहा चकत्या."

"या कुठे सापडल्या?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "आपल्या बंगल्यावर, सर. कुंड्यांखाली."

भोसेकरांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा त्यांच्यातला प्रशासक जागा झाला होता.

"असं बघा. चाचणीची मंजूर जागा कोणती? मुख्य इमारतीसमोरचा वाफा. त्या जागी काय सापडलं? काही नाही. हा झाला अधिकृत निकाल. आता माझ्या घरी कुंड्यांखाली काही वस्तू मिळाल्या, तर तो माझा खाजगी मामला झाला. तो चाचणीत कसा धरता येईल?"

"वस्तू समोर आहे, भोसेकर," सर म्हणाले.

"वस्तू समोर आहे, पण जागेवर नाही. मंत्रालयात शंभर कळवलेत. तिथून दिल्लीला कळवलेत. दिल्लीने आणखी कुणाला कळवले असतील तर मला माहीत नाही. आता मागे फिरायचं म्हणजे साऱ्या देशाला मागे फिरवायचं."

"मी शंभराच्या अहवालावर सही करणार नाही."

"तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्याकडे आहे, रिसबूड."

"असू दे तिथेच."

सर उठले आणि निघून गेले. मी निघाले तसं भोसेकरांनी मला थांबवलं. आवाजात अगदी माया होती. "गवस, तुम्ही तरुण आहात. प्रबंध माझ्या सहीनेच पुढे जातो, हे तुम्हाला ठाऊक आहे. शंभर हा आकडा लिहायलाही सोपा."

त्याच संध्याकाळी गावाहून बाबांचा फोन आला.

"गो, पेपरात तुझो फोटो इलो आसा! मी तिठ्यार सगळ्यांका दाखयलंय. आपलो चीक शंभर टक्के नायसो केलंस म्हणान लिवलेला!"

"बाबा, ता तसा नाय..."

"आवशीन देवापुढे साखर ठेवली. तू जेवलंस मां?"

जेवले म्हटलं आणि फोन ठेवला. जेवण गेलं नाही.

पुढचा महिनाभर संस्थेत सणासारखं वातावरण होतं. फाटकावर 'शून्य अवशेष' असा फलक लागला. शाळांच्या सहली तो वाफा बघायला येऊ लागल्या आणि मुलं रिकाम्या मातीकडे टक लावून उभी राहू लागली. सर रोज वेळेवर येत, कुणाशी बोलत नसत, वेळेवर जात. माझा प्रबंध सगळा लिहून झाला होता, फक्त निकालाचं प्रकरण सोडून. रोज सकाळी ते पान उघडायचं, त्याकडे बघायचं आणि मिटायचं. हॉस्टेलवरच्या मैत्रिणी म्हणायच्या, "लिही गं शंभर आणि सुट. कोण खणायला येणार आहे?"

मग मगदूम आले.

अण्णासाहेब मगदूम कोल्हापूरचे. बूट-चपलांचे तळ बनवण्याचा त्यांचा मोठा कारखाना. परदेशातली गिऱ्हाइकं कुजणारा तळ मागत होती, आणि मगदूमांनी पेपरात आमचा खड्डा पाहिला होता. भोसेकरांनी त्यांच्यासाठी काजू-बदाम मांडले, सरांना आणि मला बोलावून घेतलं आणि बजावलं, "प्रश्नांची उत्तरं मी देईन."

मगदूमांनी काजूंकडे पाहिलंही नाही.

"डॉक्टर, मला एकच सांगा. तीन-चार महिन्यांत मातीत नाहीसा होतोय हा माल?"

"समूळ," भोसेकर अभिमानाने म्हणाले. "शून्य अवशेष."

"अहो, मग मी त्याची चप्पल कशी करू?"

भोसेकरांनी पुढे केलेली काजूंची बशी खाली ठेवली.

"म्हणजे?"

"म्हणजे असं बघा. आमच्याकडं ऊसपट्टा. गडी दिवसभर ओल्या रानात उभा. दिवाळीला माझी चप्पल घेतंय, आणि शिमग्याला नुसता अंगठा आणि पट्टा घालून फिरतंय. खालचा तळ गेला रानाला खत म्हणून! गिऱ्हाईक मला जोड्यानं मारंल म्हणावं, तर जोडाच शिल्लक न्हाई!"

"तो... फक्त पुरल्यावर..." भोसेकर म्हणाले.

"चप्पल काय हवेत चालती का? मातीतच चालती की. मला असा माल पाहिजे, जो दोन-तीन वर्षं झक्कास चालला पाहिजे आणि फेकल्यावर हळूहळू खपला पाहिजे. हळूहळू, डॉक्टर! तुमचा ह्यो माल म्हणजे मिठाची बाहुली हाय. माफ करा, आमचं जमायचं न्हाई." आणि ते उठायला लागले.

भोसेकरांचा चेहरा उतरला. मंत्रालयाला कारखानदार हवा होता. त्याचं नावही बहुधा कळवून झालं असावं. "वेग... कमी करता येईल," ते चाचरत म्हणाले.

"किती कमी?"

भोसेकरांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर पाहत होते. उत्तरं भोसेकर देणार होते ना.

माझ्या पिशवीत एक चकती होती. का ठेवली होती कोण जाणे, त्या महिन्यात मी ती रोज जवळ बाळगत होते. ती काढून मी टेबलावर ठेवली.

"एवढा, साहेब. तीन-चार महिन्यांत पाचवा हिस्सा."

मगदूमांनी चकती उचलली. वास घेतला. दोन्ही हातांनी पार दुमडली आणि सोडली. नखाने कड खरवडली, टेबलावर आपटली, मग खाली ठेवून बूट घातलेल्या पायाने तिच्यावर उभे राहिले आणि टाचेवर गर्रकन फिरले. एवढा मोठा माणूस संचालकांच्या केबिनमध्ये भिंगरीसारखा फिरताना पाहून शिपाई दारातच थांबला.

"आँ!" मगदूम म्हणाले. "हा माल हाय की! हा कधी केला?"

"हा आमचा दुसरा टप्पा," भोसेकर तत्क्षणी म्हणाले. त्यांचा रंग परत आला होता. "नियंत्रित विघटन. अद्याप जाहीर केलेलं नाही."

"नाही," मी म्हणाले.

तीन चेहरे माझ्याकडे वळले. मी पुढे बोलले. "हा तोच आहे, साहेब. वाफ्यातला. पाहुणे येणार म्हणून वाफ्याची माती बदलली, म्हणून त्या दिवशी सापडला नाही. शंभर टक्के कधीच झालं नव्हतं. हा एकच निकाल आहे, आणि तो रिसबूड सरांचा आहे."

आता आपला गाशा गुंडाळायचा, एवढंच मनात आलं. बाबांना काय सांगायचं तेही जुळवायला लागले. मगदूम माझ्याकडे बघत राहिले, मग भोसेकरांकडे, आणि मग असे हसले की काजूंची बशी थरथरली.

"म्हणजे माती उचलली आणि... आयला! आणि समद्यांनी टाळ्या वाजवल्या?"

"वाजवल्या," सर म्हणाले. त्या खोलीतलं त्यांचं ते पहिलंच वाक्य.

मगदूमांनी डोळे पुसले. "डॉक्टर, हा पहिला असो, दुसरा असो, न्हाईतर दुसऱ्याचा मेव्हणा असो. मला हाच पाहिजे. कागद करा."

मला वाटलं होतं की खरं बोललं की काहीतरी कोसळतं. काहीच कोसळलं नाही. चार दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी आली: 'विघटनाचा वेग पाचपटीने कमी करण्यात संस्थेला यश. संचालक भोसेकर यांचं आणखी एक पाऊल.' फाटकावरचा फलक उतरला आणि 'नियंत्रित विघटन' असा नवा चढला. मला कुणी काढलं नाही. माझा प्रबंध, वीस टक्क्यांसकट, भोसेकरांनी हसत हसत सही करून पुढे पाठवला. "बघा गवस," ते म्हणाले, "धीर धरला की सगळे आकडे बसतात."

सरांची मुदतवाढ मात्र टेबलावरच राहिली. निरोप समारंभात भोसेकर त्यांच्याबद्दल फार सुंदर बोलले. पुढच्याच महिन्यात मगदूमांनी त्यांना कोल्हापूरला नेलं आणि कारखान्यात एक लहानशी प्रयोगशाळा काढून दिली. तिथून ते मला पत्रं पाठवत. त्यात निम्मं रसायन आणि निम्मं तांबड्या रश्श्याचं कौतुक असे.

बाबांना मी गावी गेले तेव्हा सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरा झाला गो. माका तेव्हाच वाटलेला, सगळोच जर नायसो होता तर झाडां कित्याक लावची?" पेपरातला फोटो मात्र त्यांनी भिंतीवरून काढला नाही.

माझ्या तोंडी परीक्षेला बाहेरून डॉ. हळबे नावाचे परीक्षक आले. पांढऱ्या केसांचे, शिस्तीचे, नावाजलेले. रिसबूड सर त्यासाठी मुद्दाम कोल्हापूरहून आले होते. हळबेंनी दोन तास माझा घाम काढला, आणि शेवटी फाइलमधून दोन कात्रणं काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"एक मला समजत नाही," ते म्हणाले. "पहिल्या बातमीत तुमच्या पदार्थाचं शंभर टक्के विघटन झालं आहे. दुसऱ्या बातमीत ते तुम्ही वीसवर आणलं आहे. प्रबंधात शंभराचा उल्लेखच नाही. इतक्या झपाट्याने विघटन होणारं सूत्र सगळं जग शोधतंय. त्या पहिल्या सूत्रात असं काय होतं?"

मी सरांकडे पाहिलं. सर छताकडे पाहत होते.

"सर, दोन्ही सूत्रं एकच आहेत," मी म्हणाले. "पाहुणे येणार होते म्हणून वाफ्याची माती बदलली होती."

मागच्या बाकांवर विद्यार्थ्यांत खसखस पिकली. हळबे हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, रुमालाने बराच वेळ पुसला, मग खुर्ची पुढे ओढली आणि फक्त सरांना आणि मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "आमच्याकडे बुरशी न धरणाऱ्या रंगाची चाचणी होती. दोन पावसाळे एक भिंत मुद्दाम तशीच ठेवली होती. मंत्री येणार म्हणून आदल्या दिवशी कुणीतरी ती भिंत रंगवून घेतली."

"आणि निकाल?" सरांनी विचारलं.

"बुरशी शून्य." हळबेंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "त्याच निकालावर मी विभागप्रमुख झालो."

मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, माझ्या प्रबंधावर सही केली आणि आपले प्रश्न संपल्याचं मोठ्या आवाजात जाहीर केलं.